जिवंत माणसाचा मफलर

प्रिय नेव्ह,

पन्नाशी उलटली तरी माझ्यासाठी तू नेव्हच, तेव्हा नाक मुरडू नकोस. आणि पत्र बघून दचकूही नकोस. सगळे ठीक आहेत, म्हणजे आमच्या वयाला ठीक म्हणतात तेवढे. फोन करता आला असता, पण फोनवर तू विचारतोस, "तिकडे हवा कशी आहे?" मी म्हणते, "वारा आहे." मग तू म्हणतोस, "इकडे ऊन आहे," आणि आपण दोघं फोन ठेवून देतो. सॉल्टबेकला वारा आहे हे सांगायला ऑस्ट्रेलियाला फोन कशाला लावायचा? म्हणून आज स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसले. बाबा पलीकडच्या खोलीत टीव्हीसमोर पेंगताहेत आणि मध्येच जागे होऊन रेफ्रीला शिव्या घालताहेत. रग्बीची मॅच कालची आहे, निकालही त्यांना ठाऊक आहे, पण शिव्या ताज्या आहेत.

आधी मोठी बातमी सांगून टाकते. मार्चमध्ये तू वारलास.

हसू नकोस. सबंध क्वे लेन मैदानाने टोप्या काढून, उभं राहून तुझ्यासाठी एक मिनिट शांतता पाळली. मी स्वतः तिथे होते. तुला आपल्याकडची मफलरची रीत आठवत असेल. स्टँडमध्ये ज्याची कायमची खुर्ची, तो गेला की घरचे त्या वर्षीही त्याचं तिकीट काढतात आणि खुर्चीच्या पाठीला क्लबचा मफलर बांधतात. तिथे कोणी बसत नाही. सीझनच्या शेवटच्या घरच्या मॅचला जवळचं माणूस येऊन तो सोडतं, आणि मग ती खुर्ची ज्याला हवी त्याची. दुःखाला एक सीझन, त्याहून जास्त नाही. आपली आजी म्हणायची, मेलेल्या माणसाने दुसऱ्याची जागा अडवू नये.

तर तुला जे माहीत नाही ते हे, की तुझ्या खुर्चीवर मफलर आहे. तू ऑस्ट्रेलियाला गेलास त्याच वर्षी आईने बांधला. आपल्या रांगेतली ती कडेची खुर्ची, जिथे बसून तू लहानपणी पाय हलवायचास आणि पुढच्या मिसेस टिनियनच्या पाठीत लाथा घालायचास, तीच. रीत मोडली म्हणून गावात कुजबूज झाली. बाबांच्या दोस्ताने, सिरिल टॉल्सनने, आईला तोंडावर विचारलं, "एडना, पोरगा विमानात बसला की कबरीत गेला?" आई म्हणाली, "वाऱ्याने खुर्चीचा रंग जातो म्हणून बांधलाय." त्यानंतर दरवर्षी तिकीट निघतं, मफलर धुतला जातो आणि पुन्हा बांधला जातो. आई गेली तेव्हा तू आलास, दोन दिवस राहिलास, पण मैदानाकडे फिरकला नाहीस, म्हणून तुला दिसला नाही. मीही बोलले नाही, कारण बाबांनी मला बजावलं होतं.

आता क्लबला नवी मॅनेजर आलीय, इमोजेन नावाची, दक्षिणेकडची. पोरगी हुशार, कामाची, पण इथली नाही. तिला कोणीतरी मफलरची रीत सांगितली आणि ती हेलावून गेली. सीझनच्या पहिल्या मॅचला गेलेल्या सगळ्यांची नावं माइकवरून वाचायची असं तिने ठरवलं. स्टँडभर फिरून मफलर बांधलेल्या खुर्च्यांच्या पाठीवरच्या नावाच्या पट्ट्या तिने वाचल्या. विचारायला हवं होतं, पण मेलेल्यांबद्दल विचारायचं तिला जिवावर आलं. झालं. खेळाडू रांगेत उभे, समुद्रावरून तो सुरीसारखा वारा, आणि माइकवरून तिचा गंभीर आवाज: "नेव्हिल फिअरन, आपल्या क्लबचे माजी फुलबॅक."

नेव्ह, सगळं स्टँड माझ्याकडे वळलं. तू तिकडे खरंच गेलास आणि फिअरन मंडळींनी कोणाला कळवलंही नाही, असं प्रत्येकाला वाटलं. सिरिल ढसाढसा रडायला लागला. मिसेस टिनियनने मागे वळून माझा हात धरला, जिच्या पाठीत तू लाथा घातल्या होत्यास तिने! मला तर क्षणभर वाटलं, की हिला काही कळलंय आणि मलाच माहीत नाही की काय. सगळे उभे, एकटे बाबा बसलेले. आणि त्या शांततेत, जिथे खोकायचीसुद्धा चोरी, बाबांचा आवाज: "अरे खाली बसा सगळे! मेला नाही तो, ऑस्ट्रेलियात आहे!"

पलीकडच्या स्टँडमधून कोणीतरी ओरडलं, "दोन्ही एकच की, आयझॅक!" मग जो हशा उठला तो काही विचारू नकोस. पाहुण्या टीमचे खेळाडूसुद्धा हसले. पण सगळ्यांना ऐकू आलं नाही, आणि आपल्या गावात कान चांगले असलेले लोक कमीच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दारात टॅटी पॉटची रांग लागली. मटण-बटाट्याची इतकी भांडी की फ्रीज मिटेना. मी प्रत्येकीला सांगत होते, "अहो, तो जिवंत आहे," आणि त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होत्या, "हो गं बाई, मनात तर असतोच." शेवटी बाबा म्हणाले, "जाऊ दे, खाऊन टाकू. पोराने पहिल्यांदाच घरी काहीतरी पाठवलंय." आम्ही आठवडाभर तुझ्या मयताचं जेवलो.

त्याच आठवड्यात इमोजेन केक घेऊन माफी मागायला आली. रडवेली झाली होती. बाबांनी तिला चहा दिला, केक चांगला झालाय म्हणाले, आणि मग तिला जे सांगायचं होतं ते तिने सांगितलं. आता वरच्या लीगमध्ये कोण जाणार ते मार्कांवर ठरतं, हे तू वाचलं असशीलच. जिंकण्या-हरण्याला थोडे मार्क, बाकी प्रेक्षक किती, स्टँड किती भरलं, दिवे कसे, मोबाइलवर किती जण क्लब बघतात, आसपास वस्ती किती. वस्तीवरून बाबांचं आणि तिचं आधीच वाजलं होतं. "आमच्या पश्चिमेला समुद्र आहे, पोरी. मासे मोजणार आहेत का?" पण रिकाम्या खुर्च्यांचं तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गेटातून आत आलेलं माणूस मोजलं जातं, मफलर मोजला जात नाही. एका सीझनची रीत ती पाळणार होती, फक्त जुने मफलर सोडा म्हणत होती, आणि जुना असा एकच होता. बाबा म्हणाले, "माणूस जिवंत आहे. येईल." तिने अगदी साधेपणाने विचारलं, "कधी, मिस्टर फिअरन?"

बाबा कपातला चहा बघत बसले. इमोजेन गेली तेही त्यांना कळलं नाही.

आता तू म्हणशील, लॉरेन नको तिथे येतेय. येतेच आहे. तुला न्यायला आलेला तो यॉर्कशायरच्या मोठ्या क्लबचा माणूस याच टेबलाशी बसला होता, मी आत्ता बसलेय त्या बाजूला. आईने त्याला तिसऱ्यांदा पावावर आपलं गोड रम बटर वाढलं, म्हणजे तिला तो आवडला होता. तू तेवीस वर्षांचा, केस ओले, कोणाकडे बघावं ते कळेना. आणि बाबा छाती काढून म्हणाले, "पुढच्या वर्षी आम्हीच वर येतोय. तेव्हा हा तुमच्याविरुद्ध खेळेल. तेव्हा बघा त्याला, हवा तेवढा वेळ." जिंकला तो वर, हरला तो खाली, याहून सरळ न्याय जगात नाही, हे बाबांचं बायबल. तू त्यांच्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मी थांबतो." आईने रम बटरचं झाकण लावलं. मला तो झाकणाचा आवाज अजून ऐकू येतो.

आणि आपण जिंकलोच की रे! शेवटच्या मॅचला तू आपल्या टोकाला, अगदी ट्रायलाइनवर तो उंच बॉल झेललास आणि सगळ्यांना चुकवत थेट दुसऱ्या टोकाला जाऊन टेकवलास. सिरिल दिव्याच्या खांबावर चढला होता, त्याला उतरवायला शिडी आणावी लागली. रात्रभर गाव नाचलं. मग लीगकडून मैदानाच्या पाहणीला तो माणूस आला. त्याची टोपी वाऱ्याने उडून थेट समुद्रात गेली तेव्हाच मला शंका आली होती. स्टँड लाकडी, खुर्च्या कमी, कपडे बदलायच्या खोलीत गळती. मैदान वरच्या लीगच्या लायकीचं नाही. वरच्या लीगमधला तळाचा क्लब तिथेच राहिला, आणि पहिले आलेले आपण इथेच. लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. आपल्याला नाचता येत होतं रे, अंगणच खरोखर वाकडं निघालं. पुढच्या हिवाळ्यात तुझा गुडघा गेला, आणि मग यॉर्कशायरवाल्यांना तुझं नावही आठवेना. ऑस्ट्रेलियाला जाताना तू दारात बाबांना म्हणालास, "तुमचं मैदान तुम्हालाच लखलाभ." तेवढंच बोललास. बाबा आत जाऊन बूट पुसायला लागले. तुझे बूट होते ते.

मी कोणाची वकिली करत नाही. खरं सांगायचं तर मार्कांच्या पद्धतीला मी बाबांइतक्या शिव्या घालत नाही. खाली जायच्या भीतीने घरं विकून खेळाडू आणणारे क्लब मी पाहिलेत, आणि बाराव्या महिन्यात त्यांच्या गेटला कुलूपही पाहिलंय. तू मागे लिहिलं होतंस की तिकडे कोणी खाली जात नाही, म्हणून क्लबांना दहा वर्षांचा विचार करता येतो. बाबांनी ते वाचून कागद आपटला होता. "खाली जायचं नसेल तर खेळता कशाला? भजनं म्हणा." पण गंमत ऐक. मार्क वाढवायला मुलींची टीम हवी, म्हणून क्लबने मुलींची टीम काढली. आणि माझी नात टॅमझिन त्यात फुलबॅक खेळते. तुझी जागा! उंच बॉल आला की तुझ्यासारखीच एक पाऊल मागे जाते आणि मग पुढे येते. ही कोणी शिकवलेली गोष्ट नाही. बाबा पहिल्यांदा तिची मॅच बघायला तोंड वाकडं करून गेले, "मार्कांसाठी जन्मलेली टीम" म्हणत. परत आल्यावर जेवताना एकदम म्हणाले, "लॉरेन, ती थांबली नाही पाहिजे. कोणी मोठ्या क्लबने बोलावलं तर तिला जाऊ दे. मी काही बोललो तर मला खोलीत कोंड." मी वाढता वाढता थांबले. त्यांनी ताट पुढे केलं आणि म्हणाले, "वाढ की."

आई गेल्यावर तिच्याही खुर्चीला मफलर होता, आणि बाबांनी तो रीतीप्रमाणे सीझन संपताच सोडला. आता तिथे टॅमझिन बसते. तिने यंदा त्यांना विचारलं, "पणजोबा, पणजीचा सोडलात, मग नेव्ह आजोबांचा का नाही?" बाबा म्हणाले, "ती परत येणार नव्हती."

यंदा आपण पुन्हा पहिले आहोत, नेव्ह. तू तिकडे स्कोअर बघतोस हे मला माहीत आहे, तुझ्या बायकोने सांगितलंय, तेव्हा साळसूदपणा नको. सगळ्यांत पुढे, आणि कोणी आपल्याला गाठूही शकत नाही. आणि वर जाणार नाही. मार्क कमी पडतात, इमोजेनने जिवाचं रान केलं तरी थोडे कमीच पडतात. गावाला आधीपासून ठाऊक आहे, तरी दर रविवारी स्टँड भरतं. सिरिल बाबांना म्हणाला, "वर जायचंच नाही तर आपण येतो कशाला रे आयझॅक?" बाबा म्हणाले, "तू तीस वर्षं वर जायला येत होतास? मला वाटलं मटणाची पाई खायला येतोस." पण मला माहीत आहे, या निकालाने त्यांना आत कुठेतरी तुझी आठवण पुन्हा बोचायला लागलीय. तेच मैदान, तेच पहिलं येणं, तेच दार. स्टँडच्या पायऱ्या आता ते मध्ये थांबत चढतात. थांबल्यावर "जरा मैदान बघतोय" म्हणतात. डॉक्टरने हृदयाबद्दल जे सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, डॉक्टरनेच सांगितलं. पुढच्या सीझनचं तिकीट काढायचं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "दोन्ही काढ, माझं आणि नेव्हचं. माझ्या खुर्चीला मफलर तू बांध. एकच सीझन हं, रीत मोडायची नाही." मी त्यांच्यावर इतकी ओरडले की टीव्हीचा आवाज त्यांना वाढवावा लागला. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

आणि आता का लिहिते ते. गेल्या रविवारी मॅच संपल्यावर बाबा जागचे उठले नाहीत. इमोजेनला त्यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, शेवटच्या घरच्या मॅचला ही कडेची खुर्ची तुझी. मोज कोणालाही." तिने त्यांचा हात धरला. मी म्हटलं, "ठीक आहे बाबा, मी सोडते मफलर." तर म्हणाले, "तू कशी सोडशील? मेलेल्याचा घरच्यांनी सोडायचा. हा माणूस जिवंत आहे. त्याचा त्यानेच सोडायचा." घरी येताना बंदराच्या वळणावर थांबले, "जरा मैदान बघतोय" म्हणाले, जिथून मैदान दिसतच नाही. मी विचारलं, "त्याला काय लिहू? तुम्ही चुकलात असं लिहू?" मान हलवली. म्हणाले, "ते नको लिहूस. ते मी त्याला तोंडाने सांगणार आहे. तू फक्त मॅच किती वाजता आहे ते लिही."

सप्टेंबरचा शेवटचा रविवार. मॅच दुपारी तीनला आहे.

तुझीच,
लॉरेन